मेलिसिओ मेस्त्रीची दुसरी खुर्ची

लिही, यावोस्का. मेलिसिओ न्यामेंदी. आडनाव नीट लिही गं, आडनाव चुकलं की त्यांना राग यायचा. एरवी राग म्हणून ठाऊक नव्हता त्या माणसाला.

आपल्या मासातेपे गावात खुर्च्या करणारे काय कमी आहेत? दर तिसऱ्या घरात रंधा चालतो, सगळ्यांच्या केसात भुसा. पण स्प्रे मारताना बिघडलेलं काम सरळ करून देणारा माणूस एकच, मेलिसिओ मेस्त्री. आर्कादिओ मालकाच्या कारखान्यात मी तेवीस वर्षं काचपेपर घासला, आणि तेवीस वर्षं मेस्त्री माझ्या पाठीमागच्या खोलीत होते. मी घासून दिलेली खुर्ची आत जायची ती चकचकीत होऊन बाहेर यायची. दोघांचे हात एकाच लाकडावरून फिरायचे, पण बोलणं? "झालं का, निएवेसबाई?" "झालं." "ठेवा तिथं." "ठेवलं." संपला दिवस.

त्या खोलीला दार नव्हतं, जाड प्लास्टिकचा पडदा होता. आत जमिनीवर पाणी मारलेलं, पंखा बंद, खिडकीला ओलं फडकं. कोणी आत यायचं नाही. लॅकर ओलं असताना नुसतं कोणी चाललं तरी धूळ उडते, आणि एक कण बसला तरी तो फोडासारखा वर येतो. मेस्त्री म्हणायचे, "माणूस म्हणजे चालती धूळ." मालक खोडी काढायचा, "मग तुम्ही कोण हो, मेस्त्री?" "म्हणून तर मी हलत नाही," म्हणायचे, आणि खरंच हलायचे नाहीत. जेवणसुद्धा तिथेच, एकटे, पडद्याच्या आत. बाहेर आम्ही बायका डबे उघडून एकमेकींच्या सासवा सोलत बसायचो, आणि पडद्यातून त्यांची नुसती सावली दिसायची, चमचा वर जाताना.

काम कसं बिघडतं ते सांगते, नाहीतर तुला पुढचं कळायचं नाही. लॅकर जास्त पडलं की ओघळ येतो, मेणबत्तीला येतो तसा. स्प्रेची बंदूक लांब धरली की संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. हवा दमट असली की सगळं पांढरं होतं, वरून दूध सांडल्यासारखं. बाकीचे काय करायचे, खरवडून टाकायचे आणि पहिल्यापासून सुरू. मेस्त्री तसं करायचे नाहीत. आधी खुर्ची तिरप्या उन्हात धरायची, गाल जवळजवळ लाकडाला लावून बघायचं. मग डोळे मिटून बोटं फिरवायची. ओघळ असला तर पात्याने तेवढा ओघळच उतरवायचा. मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला बारीक वॉटर पेपर, मागे लाकडाचा ठोकळा, हलका हात. मग त्याहून बारीक. मग आणखी बारीक. तोपर्यंत खुर्चीची सगळी रया गेलेली असते, चुलीतून काढल्यासारखी दिसते. नवीन माणूस घाबरतो तिथे. आणि मग पेस्ट आणि सुती कापड, गोल गोल, गोल गोल, कोपर दुखेपर्यंत, आणि हळूहळू लाकडाच्या आतून उजेड वर येतो बघ.

कापड जुनंच लागतं, शंभरदा धुतलेलं. तुझे आजोबा गेले तेव्हा त्यांचे बनियन मी मेस्त्रींना नेऊन दिले. त्यांनी एक उचलला, गालाला घासून बघितला, म्हणाले, "चांगला माणूस होता." बनियनवरून! मी तिथे हसले. घरी येऊन रडले.

आणि त्यांचा एक नियम होता, सगळ्यांना सांगायचे. कडेपासून तीन बोटं लांब थांबायचं. कडेला लॅकर पातळ असतं. तिथे हात जरा जास्त फिरला की रंग खाऊन जातो आणि खालचं लाकूड उघडं पडतं.

बायको त्यांची, इग्नासिया, लवकर गेली. मागे मुलगी, ओरालिया, नऊ वर्षांची. शाळा सुटली की पोर कारखान्यात यायची आणि पडद्याबाहेर, माझ्या शेजारी, उलट्या बादलीवर बसायची.

"पप्पा, येऊ?"

"नको, ओलं आहे."

मग थोड्या वेळाने, "आता येऊ?"

"अजून ओलं आहे, राणी."

"कधी वाळणार?"

"वाळेल."

त्यांचा आवाज गोड असायचा हं, खेकसायचे नाहीत. पण दहा वर्षं त्या पोरीने एवढंच ऐकलं. मी तिच्या केसातला भुसा झटकायची, वेणी घालायची. मला मावशी म्हणायची.

एकोणीस वर्षांची झाली आणि कोस्ता रिकाला निघाली, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर. निघायच्या दिवशी मेस्त्री आत पलंगाला स्प्रे मारत होते. पोर पडद्याला तोंड लावून म्हणाली, "पप्पा, निघते मी." ते म्हणाले, "पाच मिनिटं थांब, एवढा हात संपवतो." मधेच सोडला तर जोड दिसतो ना. पण बसवाला थांबतो का? हात संपवून बाहेर आले तेव्हा मी एकटीच होते, हातात काचपेपर घेऊन. मी म्हटलं, "गेली." ते म्हणाले, "बरं." आणि परत आत गेले.

अकरा वर्षं गेली. मेस्त्रींच्या छातीत लॅकरचा वास बसला, खोकला जाईना, मग काम सोडलं. मालकाने विचारलं, "मेस्त्री, आठवण म्हणून काय देऊ?" म्हणाले, "एक डुलती खुर्ची द्या."

अख्खा कारखाना हसला. "एक? मेस्त्री, एक पायपण इथेच ठेवून जाणार का?" आता आपल्याकडे डुलत्या खुर्च्या जोडीनेच असतात, एक ना कोणी घेत ना कोणी करत. मालकाने जोडी दिली, सेद्रोच्या लाकडाची, बसायला वेताची वीण. म्हणाला, "पॉलिश तेवढं तुम्हीच करा, तुमच्या खुर्चीला हात लावायची कोणाची छाती आहे?"

एक त्यांनी चार दिवसांत करून दारात ठेवली, स्वतःला. दुसरीला मात्र महिना लावला. झाली तेव्हा सांगते तुला, मी आयुष्यभर खुर्च्या बघितल्या, तशी नाही बघितली. तिला शेजारी ठेवली आणि दोरीने खिडकीच्या गजाला बांधून टाकली. रिकामी खुर्ची वाऱ्याने हलली की मेलेलं माणूस येऊन बसतं म्हणतात ना आपल्यात, म्हणून. मी विचारलं, "ही कोणाची?" म्हणाले, "ओरालिया येईल तेव्हा बसेल."

त्यांचं घर आपल्या समोरच. संध्याकाळी ते त्यांच्या दारात, मी माझ्या दारात. त्यांच्याजवळ एक रिकामी खुर्ची, माझ्याजवळही एक, तिच्यावर धुतलेले कपडे. मधे रस्ता. रस्ता केवढा, बैलगाडी जाईल एवढा. ते कधी "या, बसा" म्हणाले नाहीत. मी कधी गेले नाही. लोक काय म्हणतील म्हणायचं. लोक काही म्हणाले नसते गं.

त्यांच्याकडे फोन नव्हता, ओरालियाचा फोन माझ्याकडे यायचा, रविवारी. मेस्त्री रस्ता ओलांडून यायचे, उभ्यानेच बोलायचे. मी कपडे उचलायला लागले की म्हणायचे, "असू द्या, उभाच बरा." बोलणं म्हणजे तरी काय, "जेवलीस का? पाऊस आहे का तिकडे?"

तर एका रविवारी मला म्हणाली, "मावशी, मी येते. गावच्या त्रिनिदादच्या जत्रेला. सकाळी पोचेन, पण दुपारच्या बसने परत जायचं, माझ्या म्हातारीला सोमवारी दुसरं कोणी नाही." मी फोन मेस्त्रींच्या कानाला लावला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "ये. खुर्ची तयार आहे." आणि फोन माझ्या हातात देऊन रस्ता न बघताच घरी गेले. मोटारसायकलवाला शिव्या देत वळला.

जत्रेला आठ दिवस राहिले. सोमवारी सकाळी बघते तर मेस्त्री खुर्चीपुढे गुडघ्यावर, गाल डाव्या हातावर. खुर्चीच्या हातावर म्हणते मी. मी हाक मारली, "काय हो, खुर्चीची पापी घेताय का?"

"संत्र्याची साल आली आहे, बाई."

मी गेले बघायला. रस्ता ओलांडून पहिल्यांदाच गेले, आणि कशाला तर साल बघायला. मला काही दिसेना.

"कुठे?"

"इथे. नखाएवढी."

"मेस्त्री, तेवीस वर्षं घासलंय मी. इथे काही नाही. तिला दिसणार नाही."

"मला दिसेल ना. ती बसलेली असेल आणि माझं लक्ष तिथेच जाईल."

मेस्त्री पाणी, साबण, वॉटर पेपर घेऊन बसले. आणि यावोस्का, ज्या माणसाने अख्ख्या गावाला सांगितलं, तीन बोटं लांब थांबा, तो माणूस कडेवर गेला. घाई असेल, कोण जाणे. रंग खाऊन गेला. कडेला लाकडाची पांढरी रेघ उघडी पडली. मी माझ्या दारातून बघत होते.

मंगळवारी रंग मिळवून लावला. मिळाला, त्यांचा रंग मिळतोच. बुधवारी मालकाची बंदूक आणि कॉम्प्रेसर आणून अंगणात स्प्रे मारला. हवा दमट होती, आपल्याकडे त्या दिवसांत असतेच. सगळा हात पांढरा पडला. गुरुवारी वरून पातळ थिनरचा फवारा दिला, पांढरेपणा गेला, पण लॅकर परत मऊ झालं. शुक्रवारी म्हणाले, "आता एक शेवटचा हात." मी ओरडले, "मेस्त्री, डोंगर आज आपल्याकडे तोंड करून आहे! वास येत नाही का?" ज्वालामुखीचा तो आंबट धूर आला की पत्रेसुद्धा खातो, गावातलं कोणी त्या दिवशी बंदूक उचलत नाही. ते म्हणाले, "वारा वळेल." वळला नाही. बारीक राख बसली ओल्या लॅकरवर, हातावर, पाठीवर, सगळीकडे. मिरपूड भुरभुरल्यासारखी.

मी म्हटलं, "असू द्या आता. देवाने टाकलीय."

"देवाला पॉलिश कळत नाही," म्हणाले.

शनिवारी राख घासून काढली आणि पूर्ण खुर्चीला नवा हात मारला. मी म्हटलं, वाळेल का उद्यापर्यंत? म्हणाले, "वरून वाळेल." आत काय, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. कोटावर कोट चढले की वरून बोट लावा, कोरडं लागतं, आत आठ आठ दिवस मऊ असतं. टेकलात की कापडाची वीण उठते.

रविवारी सकाळी ओरालिया आली. अंगाने भरलेली, निळा झगा, हातात पिशव्या. मी दारातच होते. मेस्त्रींनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच. दोघांनी एकमेकांना मिठी मारली, पण कशी, लाकडाचे दोन ठोकळे एकमेकांना टेकवतात तशी. मला बघून पोर रस्त्यात धावली, "मावशी!" म्हणून, आणि मला ओढत तिकडे घेऊन गेली.

मग तिने खुर्ची बघितली.

"ही माझी? पप्पा! काय सुंदर आहे हो!" आणि दोरी सोडायला वाकली.

"बसू नको," मेस्त्री म्हणाले. "ओली आहे."

ती वाकलेलीच राहिली. मी तिचं तोंड बघितलं. तीस वर्षांची बाई होती, पण तोंड बादलीवरच्या पोरीचं झालं.

मग हसली. "बसायची जागा वेताची आहे, पप्पा. वेत कुठे ओला असतो?"

"बसलीस की हात कुठे ठेवशील?"

"मांडीवर ठेवीन."

"ठेवशील. पण विसरशील."

"पाठ टेकणार नाही. अशी बसेन, चर्चमध्ये बसते तशी."

"तासाभराने टेकशील. झग्याची वीण उठेल."

मला राहवेना. "मेस्त्री, उठू दे की वीण!"

"तुम्ही मधे बोलू नका, निएवेसबाई," ती म्हणाली, मला, मावशी न म्हणता. मग सावरून म्हणाली, "असू दे मावशी. ओलं आहे तर ओलं आहे."

ती त्यांच्या खुर्चीत बसली. ते उभे राहिले, भिंतीला टेकून. तिने केळीच्या पानात बांधलेला भाताचा तामुगा खाल्ला, मी केलेला वजडीचा मोंदोंगो प्यायली, म्हातारीच्या गमती सांगितल्या, म्हातारी कशी साखर उशीखाली लपवते आणि मुंग्या आल्या की हिच्यावर ओरडते. आम्ही हसलो. मेस्त्रीपण हसले. रस्त्यावरून जत्रेचे घोडे गेले, बँड गेला. पण मधेमधे त्यांचे डोळे खुर्चीवर जायचे, कोणी धक्का तर नाही ना लावत. आणि ती ते बघायची.

साडेतीन तास. मग पिशवी उचलली. उठताना तिचा हात सहज मागे गेला आणि त्या ओल्या खुर्चीच्या वरच्या पट्टीवर टेकला. चार बोटं उमटली. लगेच उचलला. "अरे देवा," म्हणाली, "लागला." मेस्त्री म्हणाले, "काही नाही, काढतो मी." ती म्हणाली, "हो, तुम्ही काढालच." आणि गेली. ते बसपर्यंत पोचवायला गेले. परत आले तेव्हा शर्टाच्या रेघा मोडल्या होत्या.

सोमवारी सकाळी मी उरलेला मोंदोंगो घेऊन गेले. बघते तर मेस्त्री वॉटर पेपर घेऊन त्या पट्टीवर वाकलेले, ठोकळा हलका हलका फिरतोय.

"मेस्त्री! काय करताय?"

ते थांबले. माझ्याकडे बघितलं, मग पट्टीकडे बघितलं. तिच्या बोटांच्या ठशांतली तीन बोटं गेली होती. करंगळी राहिली होती.

"हात थांबले नाहीत, बाई," म्हणाले.

पेपर खाली ठेवला. साबणाचं पाणी पट्टीवरून टपटपत होतं. मग तिथे जमिनीवरच बसले, आणि तेवीस वर्षांत बोलले नव्हते तेवढं एकदम बोलले.

"काल ती बसली असती तर काय झालं असतं, बाई? वीण उठली असती."

"उठली असती."

"मी ती काढली असती. आठ दिवस वाळू दिलं असतं आणि दोन तासांत काढली असती."

"काढली असतीत."

"मग मी तिला बसू का दिलं नाही?"

मी वाडगा हातात घेऊन उभी राहिले. त्यांची स्वतःची खुर्ची रिकामीच होती, कोरडी. त्यांनी बसा म्हटलं असतं तर बसले असते. मी आपणहून बसले असते तरी चाललं असतं. वाडगा खिडकीत ठेवला आणि घरी आले.

ती करंगळी त्यांनी परत घासली नाही. बाकी पट्टीला चमक आणली, तेवढी जागा सोडून, तीन बोटं लांब थांबून. खुर्ची बांधलेलीच राहिली. ओरालियाचे फोन यायचे. "कधी येतेस?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि "येते" असं ती एकदाही म्हणाली नाही. चार वर्षं असंच. मग छातीने घेतलं त्यांना. तिला सीमेवर उशीर झाला, पोचली तोवर पुरून झालं होतं. त्या घरात ती एकटी गेली, थोडी थांबली, बाहेर येऊन मला म्हणाली, "मावशी, खुर्च्या तुम्ही न्या. जोडी तोडू नका." दुसरीत बसलीस का, ते मी विचारलं नाही. दोरीची गाठ मात्र मेस्त्रींचीच होती, मी ओळखते.

म्हणून या दोन्ही इथे आहेत. मी त्यांच्या खुर्चीत बसते. आणि ही, गजाला बांधलेली, तू येताजाता हिला पिशवी अडकवतेस ना, तीच. बघ वरच्या पट्टीवर, उजवीकडे. बोट फिरव. डोळे मीट आणि फिरव, तसं कळतं. लागला का खड्डा, एवढासा?

किती वेळ त्या पायरीवर बसून लिहितेस गं, पाठ मोडेल. वही ठेव. सोड ती गाठ, सुटत नसेल तर सुरी आण. आणि बस. हात ठेव, पाठ टेक, सगळं टेक. वाळलंय ते केव्हाच.